एका चुलीवरचे वर्ष



पदवी हातात पडल्यावर लगेच नोकरीला न लागता एक वर्ष अनोळखी मंडळींबरोबर एका घरात राहायचे, तुटपुंज्या मानधनात सगळ्यांनी मिळून भागवायचे, दिवसा शाळेत, दवाखान्यात किंवा बेघरांच्या निवाऱ्यात राबायचे आणि पुढे आयुष्याचे काय करायचे याचा ठाव घ्यायचा, अशा योजना अमेरिकेत बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत. १९५६ साली अलास्कातून सुरुवात झालेला जेझुइट व्हॉलंटियर कोअर कॅथलिक परंपरेतला, तर १९९८ ची 'अवोदा' ज्यू परंपरेतली. काही घरांतून वेगवेगळ्या धर्मांची मुले एकत्रही राहतात. आपल्याकडे असे काही करू म्हणणाऱ्या मुलाला घरातून पहिला प्रश्न येतो तो 'वर्ष वाया घालवून मिळवणार काय?' प्रश्न रास्त आहे. त्याला 'समाजसेवा' हे उत्तर दिले जाते, ते मात्र मला अपुरे वाटते. माझे म्हणणे असे, की अशा वर्षात माणसाला आपले काम सापडते ते मुख्यतः सामाईक संसारामुळे. आणि त्या संसारात धर्म निरनिराळे असतील, तर ते जास्त लवकर सापडते.

पुरावा म्हणून दक्षिण आफ्रिकेतले, जोहान्सबर्गजवळचे गांधीजींचे टॉलस्टॉय फार्म घेऊ. सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्यांच्या कुटुंबांना आसरा हवा होता, म्हणून हर्मन कालेनबाख या ज्यू वास्तुविशारदाने आपली ११०० एकर जमीन १९१० साली वापरायला दिली. तिथे हिंदू, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती राहायला आले. नोकर नव्हते. स्वयंपाक, झाडलोट, मैला पुरणे, सुतारकाम सगळे हातांनी करायचे. चपला करायला कालेनबाख मारियानहिलच्या ट्रॅपिस्ट मठात शिकून आले आणि त्यांनी ते इतरांना शिकवले. खाजगी कामासाठी जोहान्सबर्गला जायचे तर २१ मैल पायी, हा नियम. लोक रात्री दोनला उठून अडीचला निघत. हे अंतर कमीत कमी किती वेळात कापले गेले, तर ४ तास १८ मिनिटांत, असे गांधीजींनी कौतुकाने नोंदवले आहे. (अशा नोंदी ठेवणारा माणूस घरात असला की घर सोपे राहत नाही, हेही खरे.)

इथे सर्वधर्मसमभावाची व्याख्याने झाली म्हणून माणसे जवळ आली नाहीत. प्रश्न पानात काय वाढायचे इथून सुरू झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान कुटुंबांनी गोमांस मागितले तरी ते द्यावे लागेल, इथपर्यंत गांधीजींनी मनाची तयारी केली होती. मग त्यांनी त्या कुटुंबांतल्या बायकांपुढे सगळी अडचण मांडली आणि बायकांनी शाकाहारी स्वयंपाकघराला होकार दिला. रमजानात मुसलमान मुलांचे रोजे होते; त्यांना साथ म्हणून हिंदू आणि पारशी मुलांनीही एकवेळचे जेवण धरले. ज्यांना सूर्यास्ताचे बंधन नव्हते ती आधी जेवून घेत, म्हणजे रोजेदारांना संध्याकाळी ताजे रांधून वाढता येई. ही वाढणारी मुले पाहा. दुसऱ्याच्या धर्मावर मत देण्याआधी त्यांना त्याचे वेळापत्रक पाठ झाले. परीटघडीची सहिष्णुता बारा महिने टिकत नाही; पाणी कोण भरणार आणि उद्याचे पीठ कोण दळणार यावरून ती महिनाभरात उसवते. त्यानंतर जे उरते ते माणसाचे खरे बळ आणि त्याची खरी कुवत. ती कोणत्याही कल-चाचणीत दिसत नाही.

आता काम सापडण्याविषयी. वर्ष संपल्यावर सगळ्यांनी सेवाव्रती व्हावे अशी अपेक्षा धरली, तर ती भरतीच झाली. विनोबा १९१६ मध्ये गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले आणि १९१७ मध्ये वर्षाची रजा घेऊन वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकायला गेले. रजेतही त्यांनी आश्रमाचे नियम सोडले नाहीत. विद्यार्थ्यांना जमवून दळणे दळली आणि त्याचे पैसे वाचनालयाला दिले. वर्ष भरताच ते आश्रमात हजर झाले. कालेनबाख मात्र दुसऱ्या वाटेने गेले. गांधीजींबरोबर हिंदुस्थानात यायचे त्यांच्या मनात होते, पण पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मन म्हणून इंग्लंडने त्यांना अडकवून ठेवले. पुढे ते दक्षिण आफ्रिकेत परतले आणि पुन्हा इमारती बांधू लागले. यातला कोण यशस्वी, असे विचारणे मला पोरकटपणाचे वाटते. एकाला आपली वाट पक्की झाली, दुसरा आपल्या व्यवसायात परतला तो चपला शिवता येणारा, स्वतःचा खर्च दशांशावर आणून पाहिलेला माणूस म्हणून.

या सगळ्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही वजनदार आहेत. पहिला विचारवंत इव्हान इलिचचा. १९६८ साली मेक्सिकोत, कुएर्नावाकाला, सेवेसाठी आलेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढेच तो म्हणाला की तुमचे सद्हेतू इथे उपद्रव करतात, तुम्ही परत जा. परक्या वस्तीत भाषा न येता उपकार करायला जाणाऱ्यांना हे लागू आहे, आणि मी ते मान्य करतो. म्हणूनच या वर्षाचा भार सेवेवर टाकू नये असे मी म्हणतो. तिथल्या अनुभवी माणसाच्या हाताखाली बिनचेहऱ्याचे काम करावे, आपली कमतरता घरी येऊन सोबत्यांपुढे उघडी करावी. वस्तीचा उद्धार वर्षभरात करायचा नसतो.

दुसरा आक्षेप असा, की असल्या घरात एका माणसाची मर्जी सर्वांचा नियम होऊन बसते. टॉलस्टॉय फार्मही यातून सुटले नाही. एका मुलाने दोन मुलींची छेड काढली तेव्हा गांधीजींनी त्या मुलींचेच केस कापले. त्यांना ते योग्य वाटले. मला ते चूकच वाटते. ज्याच्या शब्दाला एवढे वजन, त्याने विचारल्यावर मिळालेला शाकाहाराचा होकार किती मोकळा होता, हीही शंका उरते. म्हणून आजच्या घरात नियम सगळ्यांनी बसून ठरवावेत, ते बदलण्याचा दिवस आधी नेमलेला असावा आणि नाही म्हणणाऱ्याला घर सोडावे लागू नये. धर्म निरनिराळे असण्याचा उपयोग इथेच होतो. एकाच घडणीची माणसे जमली की नियम आपोआप खरे वाटतात. घरात रोजा, एकादशी आणि रविवारची प्रार्थना एकत्र आली की प्रत्येक नियमाचे कारण सांगावे लागते.

तिसरा आक्षेप: ही सुखवस्तूंची चैन आहे. घरी कमावते कोणी नसेल, त्याने वर्ष कुठून आणायचे? पण एकत्र राहणे, राबणे आणि शिकणे हे गरिबांना परवडत नाही असे साताऱ्याला जाऊन कोणी म्हणू नये. तिथे भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची गरीब मुले एकत्र राहत, स्वतः रांधत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिले गेले. ती मुले तिथे हौसेने वर्ष काढायला आली नव्हती, शिकायला दुसरी जागाच नव्हती. तरी चूल एक ठेवता आली. आज अडचण पैशाची आहे, आणि ती सोडवता येण्यासारखी आहे. मानधन घरी चार पैसे पाठवता येतील एवढे असावे, विद्यापीठाने त्या वर्षाला मान्यता द्यावी, नोकरी देणाऱ्याने ते वर्ष खंड म्हणून मोजू नये.

आपल्या शहरांत आडनाव विचारून खोल्या भाड्याने दिल्या जातात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तेव्हा विनंती एकच आहे, आणि ती तरुणांना नाही. या सभागृहात ज्यांच्या मालकीची दोन-चार खोल्यांची बंद घरे आहेत, त्यांनी त्यातले एक वर्षभरासाठी अशा पाच-सहा मुलामुलींना द्यावे, आणि देताना त्यांची आडनावे विचारू नयेत.