सुट्टीतून न सुधारलेला मुलगा



स्वागताध्यक्षांनी आत्ताच बजावलं, कुमारांच्या हाती फक्त 'सकारात्मक' पुस्तकं द्या. शाल-नारळ घेतला म्हणून अध्यक्ष मान डोलावेल, अशी अपेक्षा असेल तर माफ करा.

दोन वर्षांपूर्वी मी कुमार-कादंबऱ्यांच्या एका निवड समितीवर होतो. एका हस्तलिखितात चौदा वर्षांचा एकलकोंडा मुलगा मे महिन्यात काकांकडे जातो आणि होता तसाच, जरा जास्तच गप्प होऊन परततो. एका सदस्यानं समासात लाल शाईनं लिहिलं : 'शेवटी मुलगा सुधारत नाही.' झालं, बाद! मीही तोंड उघडलं नाही, हेही सांगून टाकतो.

पोरगं म्हणजे काय बिघडलेला पंखा आहे, सुट्टीत दुरुस्तीला टाकायला?

एल. पी. हार्टलीची 'द गो-बिट्वीन' ही १९५३ची कादंबरी घ्या. १९००चा उन्हाळा, इंग्लंडमधलं नॉरफोक. बेताच्या परिस्थितीतला लिओ शाळासोबत्याच्या श्रीमंत घरी राहायला जातो. उकाड्यानं सगळे हैराण, आणि याच्या अंगात जाडजूड कपडे. थट्टा होते. मग मित्राची थोरली बहीण मॅरिअन त्याला नॉरिचला नेऊन हिरवा सूट घेऊन देते. पोरगा हरखतो, तिच्यासाठी काहीही करायला तयार होतो. शेतकरी टेडला ती चोरून चिठ्ठ्या धाडते, त्या याच्याच हाती. पुढे वाढदिवसाला हिरवी सायकल मिळणार असं कळतं, आणि इंग्रजीत हिरवा म्हणजे कच्चा, बावळट, हे मित्रच ऐकवतो. ज्या सुटानं त्याला चारचौघांत उभं केलं, तोच आता अंगाला चावायला लागतो. शिंप्याच्या दुकानातल्या एका रंगावर एवढी कादंबरी तोलून धरलीय त्या माणसानं!

शेवट? तेराव्या वाढदिवशी प्रकरण उघडं पडतं, टेड स्वतःवर गोळी झाडतो. साठी उलटलेला, एकटा राहिलेला लिओ हे सगळं आपल्याला सांगतो. आमच्या समितीनं यावर लाल शाईची अख्खी दौत रिकामी केली असती.

'ही विलायतेची थेरं' असं कुणी पुटपुटलं, ऐकलं मी. मग प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'कडे या, १९९४च्या. आई-बाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणारा, उठता-बसता 'मॅडसारखं' म्हणणारा लंपन. संतांनी त्याला कुठलंही औषध पाजलं नाही. आपण मात्र त्याचा मुरंबा घातला. 'निरागस' म्हटलं की त्याच्या पोटातला गोळा आपल्याला दिसायचा थांबतो. पुस्तकाचं नाव तरी नीट वाचा की!

गेल्या आठवड्यात मी त्या बाद झालेल्या लेखकाला फोन केला. म्हणाला, कादंबरी निघतेय, शेवट बदललाय. आता मुलगा पोहण्याच्या स्पर्धेत पहिला येतो. तेवढं पान फाडून टाका म्हटलं.

अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.