जुन्या वहीतली नावं

आशियाई फुटबॉल म्हटलं की पुरुषांच्या आशियाई चषकाचं १९५६चं हाँगकाँग आणि १९६४चं आपलं उपविजेतेपद लोक घडाघडा सांगतात. मी बोलणार आहे महिलांच्या स्पर्धेबद्दल. ती १९७५ साली हाँगकाँगलाच सुरू झाली, पण पुरुषांचं फुटबॉल चालवणाऱ्या महासंघाने नव्हे, महिला फुटबॉलच्या स्वतंत्र संघटनेने सुरू केली. एवढं ध्यानात ठेवा.

आपल्याकडे भिशी कशी सुरू होते? बँक दारात उभं करत नाही, मग चारजणी ओसरीवर बसतात आणि वही घालतात. कमी पडलं तर पलीकडच्या आळीतलीलाही घेतात. इथे तशी न्यूझीलंड आली आणि थायलंडला ३-१ हरवून पहिली भिशी तीच घेऊन गेली! पुढे १९८६ मध्ये बँकेने, म्हणजे आशियाई महासंघाने, भिशी आपल्यात घेतली. बरंच झालं. पण जुनी वही माळ्यावर गेली, आणि त्या वहीत आपलं नाव आहे हो!

१९८०च्या सुरुवातीला कालिकतला भारताचे दोन संघ उतरले. त्यातला एक अंतिम सामन्यात तैवानकडून हरला. १९८३ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम सामना, समोर थायलंड. दोनदा उपविजेतेपद. पुन्हा सांगते, दोनदा! फुटबॉलपटू शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्याच काळात.

२०२२ मध्ये हीच स्पर्धा आपल्या बालेवाडीपर्यंत आली. चीनने जपानला पेनल्टीवर काढलं ते तिथेच. आपल्या संघात मात्र कोविड शिरला. इराणशी ०-० बरोबरी झाल्यावर पुढच्या सामन्याला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत. तरी २०२५च्या जुलैत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवून पुढच्या स्पर्धेत जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

आणि आमच्या विश्रांतवाडीत? संध्याकाळी मुलगे खेळतात, मुली कडेला भावाची बाटली अन् दप्तर सांभाळत बसतात. चेंडू बाहेर आला की मात्र अशी सणसणीत लाथ मारून परत पाठवतात! "ये खेळायला" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "मावशी, आईला विचारून येते." विचारायला गेलेली परत येत नाही. का हो येत नाही? क्लासचं म्हणाल, तर तो सातला असतो, खेळ साडेपाचला.

आयांनो, बाबांनो, ती विचारायला आली तर हो म्हणा. महागडे बूट नकोत, शाळेचे कॅनव्हासचे चालतील. उद्यापासूनच पाठवा.