उदारमतवाद आणि शिक्षणाची सक्ती



उदारमतवाद म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवार. मग नामदार गोखल्यांसारख्या अस्सल उदारमतवाद्याने १६ मार्च १९११ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक का मांडावे?

उत्तर जॉन स्टुअर्ट मिलच्या १८५९ मधील ‘ऑन लिबर्टी’ या ग्रंथात सापडते. आपले स्वातंत्र्याचे तत्त्व प्रौढांपुरतेच आहे, असे तो स्वच्छ सांगतो. अपत्यास शिक्षण देणे हे मातापित्यांचे कर्तव्य होय. त्यांनी ते टाळल्यास राज्याने करवून घ्यावे. मात्र सारे शिक्षण सरकारच्याच हाती गेल्यास माणसे एकाच साच्यातून निघतील, ही धास्तीही त्याला होती.

गोखल्यांचे विधेयक फारच सौम्य होते. सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. तीही स्थानिक संस्थेने मागितली आणि सरकारने मानली तर. महिना दहा रुपयांहून अधिक प्राप्ती नसलेल्या पालकास फी माफ. तरीही मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. विरोधकांत, दुर्दैवाने, आपलेही काही लोक होते.

त्या विधेयकात दंडाचे भय पालकाला होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ‘सक्ती’ या शब्दाचा अर्थच बदलला आहे: सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षण पुरविण्याचे बंधन आता शासनावर आहे. तेव्हा पटनोंदणीसाठी वाडीवस्तीवर जाल, तेथे पालकाला धाक घालू नका. आपण त्याच्या मुलाचे देणे द्यावयास आलो आहोत, एवढेच त्याला सांगा.