दारू सोडवणारी गोळी आणि ती देणारा हात



सणाच्या कार्यक्रमात दारूवर बोलायचे म्हणजे जरा अवघडच. पण आपल्यातल्या काही घरांत हा विषय रोज ताटाशेजारी येऊन बसतो, आणि मंडळात मात्र सगळे ‘मजेत!’ असतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले, डॉक्टर नव्हे. तेव्हा कोणी काय घ्यावे हे सांगणार नाही. दारू सोडायला औषध असते आणि ते कसे चालते, एवढेच सांगतो.

गावाकडे एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘न सांगता दारू सोडवा’ छापाच्या जाहिराती आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. चहात, आमटीत पूड टाकायची, माणसाला पत्ता लागू द्यायचा नाही. इथे बसून कोणी वहिनी तसली पुडी मागवायच्या विचारात असतील, तर कृपा करून थांबा. पुडीत काय आहे ते देव जाणे. आणि त्यात खरे औषध, म्हणजे डायसल्फिरॅम असेल, तर ते लपवून देणे अधिकच धोक्याचे.

या औषधाची कथा मोठी गमतीची आहे. त्याच कुळातले रसायन रबराच्या कारखान्यात वापरत. तिथल्या कामगारांना दारू सोसत नाही, असे अमेरिकेतल्या एका डॉक्टरने १९३७ साली नोंदवले. पुढे कोपनहेगनमध्ये हाल्ड आणि याकोब्सेन हे दोघे डायसल्फिरॅम जंतांवर चालेल का ते तपासत होते. गोळ्या त्यांनी स्वतःच घेऊन पाहिल्या, आणि नंतर पोटात थोडी दारू जाताच तोंड लालबुंद, डोके भणभणलेले! १९४८ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. अँटाब्यूज या नावाने ही गोळी जगभर गेली.

त्यामागचे गणित सोपे आहे. यकृत दारूचे आधी ॲसिटाल्डिहाइड करते आणि मग त्याचा निकाल लावते. ही दुसरी पायरी डायसल्फिरॅम अडवते. विष साचते, धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. हृदय किंवा यकृत कमजोर असेल तर जिवावर बेतू शकते. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो, त्यामुळे खोकल्याचे औषध, माउथवॉश, नाताळात ऑफिसमध्ये वाढले जाणारे शेरी घातलेले ट्रायफल, सगळे बघून घ्यावे लागते.

म्हणजे ही गोळी तलफ कमी करत नाही, ती धाक घालते. आणि ज्याला ठाऊकच नाही त्याला धाक कसला?

पण हा धाक रोज सकाळी नव्याने गिळावा लागतो. अमेरिकेत ६०५ पुरुषांवर मोठी चाचणी झाली, १९८६ साली ती प्रसिद्ध झाली. समोर बसून गोळी देणारे कोणी नव्हते. बहुतेकांनी ती नेमाने घेतली नाही, आणि दारूपासून पूर्ण दूर राहण्यात काही फरक दिसला नाही. उलट मुंबईत डॉ. अविनाश डिसूझा आणि डॉ. ॲलन डिसूझा यांनी १०० पुरुषांवर वर्षभर अभ्यास केला (२००४). अट अशी, की औषधाची आठवण ठेवणारे आणि तपासणीला सोबत येणारे घरचे माणूस हवे. डायसल्फिरॅम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दूर राहिले, नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के. कोण काय घेतोय हे सगळ्यांना माहीत होते, हे ध्यानात ठेवायला हवे. तरी आम्हाला त्यात आपली चाळ, आपली आई-बायको स्पष्ट दिसते.

नाल्ट्रेक्सोनचा मार्ग निराळा. ते पिण्यातली मजाच बोथट करते. कोडीनसारखी वेदनाशामके घेणाऱ्याला मात्र ते चालत नाही. ॲकॅम्प्रोसेट दारू सुटल्यावरची तगमग शमवायला मदत करते. मूत्रपिंड धड लागते, आणि गोळ्या दिवसातून तीनदा!

आपल्याकडे दारू सोडायची तर माणूस पंढरीची माळ घालतो. इथे फादर मॅथ्यू यांनी १८३८ पासून कॉर्कमधून लाखोंना शपथ दिली. डब्लिनच्या ओ’कॉनेल स्ट्रीटवर त्यांचा पुतळा आहे. १८९८ च्या पायोनियर संघटनेचे लोक तर कोटावर पिन लावतात. माळ काय, पिन काय, चार लोकांना दिसते, तेवढेच बळ. आपण मात्र घर सोडून आलो. एकटा मुलगा, भाड्याची खोली, शुक्रवारी ऑफिसची मंडळी पबमध्ये. ना माळ दिसणार, ना गोळी विचारणार कोणी. मग तो हात रूममेटचा असू द्या, मित्राचा असू द्या, पण माणसाच्या संमतीने. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे युरोपातले पहिले मंडळ १९४६ मध्ये याच डब्लिनमध्ये सुरू झाले. तिथे आपले आडनाव कोणी विचारत नाही, हे आपल्या लोकांसाठी फार सोयीचे!

एक मात्र पक्के. रोज भरपूर पिणाऱ्याने जोशात येऊन एकदम बंद करू नये. झटके येतात, भ्रम होतो, मृत्यूही ओढवतो. आधी जीपीला खरे प्रमाण सांगायचे, दोन ग्लास वजा न करता. एचएसईची मोफत हेल्पलाइन १८०० ४५९ ४५९ आहे, घरच्यांनीही तिथे फोन करावा. आणि जीपीकडे जाताना कोणी बरोबर यावे असे वाटले, तर कार्यक्रम संपल्यावर आमच्यापैकी कोणालाही बाजूला बोलवा. गाडी आहे, नाव बाहेर जाणार नाही.