स्त्रियांमधील हृदयविकार : निदानाचा प्रश्न



21 जुलै 1768 रोजी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये विल्यम हेबर्डन ह्या वैद्याने एक निबंध वाचला. चालताना, विशेषतः चढ चढताना किंवा जेवणानंतर, छाती आवळल्यासारखी होऊन माणसाला जागच्या जागी थांबावयास लावणाऱ्या आणि थांबताच ओसरणाऱ्या एका व्याधीचे वर्णन त्यात होते. तिला त्याने 'अँजायना पेक्टोरिस' असे नाव दिले. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्यामुळे ही कळ उठते, हे हेबर्डनला ठाऊक नव्हते. तरीही त्याचे वर्णन इतके नेमके आहे, की त्यात आजही फारसे बदलावे लागत नाही. त्याच्या मृत्यूनंतर 1802 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो सांगतो, की असे सुमारे शंभर रुग्ण आपण पाहिले. त्यांत स्त्रिया तीन, बारा वर्षांचा मुलगा एक, आणि बाकीचे सारे पन्नाशीच्या आसपासचे किंवा ती ओलांडलेले पुरुष.

त्या काळी किती स्त्रिया अशा तक्रारी घेऊन वैद्यापर्यंत पोचत असतील, हा प्रश्न कोणी विचारला नाही. पन्नाशीतला, छातीवर मूठ आवळून धरलेला पुरुष हेच हृदयरुग्णाचे चित्र ठरून गेले आणि पुढे दोनशे वर्षे ते वैद्यकाच्या भिंतीवर टांगलेले राहिले.

स्त्रियांना हा विकार होतो, परंतु उशिरा होतो. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 52 देशांतील रुग्णांच्या 'इंटरहार्ट' अभ्यासात स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा साधारण नऊ वर्षे उशिरा आल्याचे आढळले. उशिरा येणारी गोष्ट येतच नाही असे समजण्याची चूक मात्र आम्ही केली. 'आम्ही' हा शब्द मी सभेच्या सोयीसाठी वापरीत नाही.

1986 सालच्या हिवाळ्यात मी एका जिल्ह्याच्या गावी नवशिका डॉक्टर म्हणून रात्रपाळी करीत होतो. दहाच्या सुमारास पन्नाशीच्या एक बाई आल्या. मळमळ, दरदरून घाम, दोन्ही खवाट्यांमध्ये अवघडलेपण आणि 'काही सुचत नाही' ही तक्रार. सोबतचा मुलगा म्हणाला, घरात लग्न आहे, आई चार दिवस झोपलेली नाही. मी आम्लपित्ताचे औषध आणि झोपेची गोळी देऊन त्यांना घरी पाठविले. तासाभराने जवळजवळ त्याच वयाचे एक गृहस्थ आले. त्यांनाही घाम होता, मळमळ होती. त्यांना मी ताबडतोब पलंगावर निजवून ईसीजी काढला. तो निर्दोष निघाला. त्यांना खरोखरच पित्त झाले होते. बाई दुसऱ्या दिवशी दुपारी परत आल्या, तेव्हा हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी झाला होता. त्या वाचल्या, परंतु पुढे घरचा जिनासुद्धा त्यांना एका दमात चढता आला नाही.

1991 मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तेव्हाच्या संचालिका बर्नाडिन हीली यांनी ह्या प्रकाराला 'येंटल लक्षणसमूह' असे नाव दिले. येंटल ही आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांच्या कथेची नायिका. धर्मग्रंथांचा अभ्यास करता यावा म्हणून ती पुरुषाचा वेष घेते. आपला विकार पुरुषासारखाच आहे हे सिद्ध केल्यावाचून स्त्रीला पुरुषाइतके उपचार मिळत नाहीत, असा हीली यांच्या म्हणण्याचा आशय होता.

त्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. स्त्रियांच्या झटक्यात छातीत दुखतच नाही, असे सर्रास सांगितले जाऊ लागले. हेही खरे नव्हे. 2012 मध्ये अमेरिकेतील अकरा लाखांहून अधिक रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. तीत छातीच्या वेदनेवाचून आलेल्या स्त्रिया 42 टक्के आणि पुरुष सुमारे 31 टक्के होते. म्हणजे वेदना नसणे ही काही केवळ स्त्रियांची मक्तेदारी नाही, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांना ती होतेच. पंचावन्न वर्षांपर्यंतच्या रुग्णांचा अभ्यास 2018 मध्ये पुढे आला. त्यात 87 टक्के स्त्रियांनी आणि जवळजवळ 90 टक्के पुरुषांनी छातीतील वेदना, दाब किंवा आवळल्याची भावना सांगितली होती. फरक असा, की स्त्रिया तिच्याबरोबर आणखीही बरेच काही सांगतात : धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, धडधड. ऐकणाऱ्याला मग जे सोपे वाटते ते तो उचलतो. झटक्यापूर्वीच्या दिवसांत ज्यांनी डॉक्टर गाठला होता, त्यांच्यापैकी 53 टक्के स्त्रियांनी आणि 37 टक्के पुरुषांनी सांगितले, की हे हृदयाचे दुखणे असेल असे डॉक्टरांना वाटले नाही. ह्या दोन आकड्यांमधील अंतर मला लक्षणांमधील अंतरापेक्षा अधिक बोलके वाटते.

आता रक्ततपासणीविषयी. हृदयाचा स्नायू दुखावला, की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. निरोगी माणसाच्या रक्तातही ते अत्यल्प असते, आणि स्त्रीचे हृदय आकाराने लहान असल्यामुळे तिच्या रक्तात ते आणखी कमी असते. तरीही कित्येक वर्षे दोघांना एकच मर्यादा लावली गेली. एका अतिसंवेदनशील चाचणीत ही मर्यादा पुरुषांसाठी दर लिटरला 34 नॅनोग्रॅम आणि स्त्रियांसाठी 16 आहे. एडिंबरो येथील संशोधकांनी 2015 मध्ये दाखविले, की जुनी सामाईक मर्यादा सोडून ह्या वेगळ्या मर्यादा लावताच झटक्याचे निदान झालेल्या स्त्रियांचे प्रमाण 11 टक्क्यांवरून 22 वर गेले. पुरुषांचे केवळ 19 वरून 21 वर.

एवढ्याने काम झाले असते तर हे व्याख्यान येथेच संपविता आले असते. 2019 मध्ये स्कॉटलंडमधील दहा रुग्णालयांतील 48,282 रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले. नव्या मर्यादांमुळे हृदयाला इजा झालेल्या अधिक स्त्रिया ओळखल्या गेल्या खऱ्या. परंतु त्यांना मिळालेले उपचार पुरुषांच्या जवळजवळ निम्मेच राहिले, आणि वर्षभराच्या परिणामांत सुधारणा दिसली नाही. प्रयोगशाळेतून आकडा आला. तो वाचणाऱ्याच्या मनातील चित्र जुनेच राहिले.

आपल्या देशात चाचणीच्या आधीही बराच वेळ जातो. वीस हजारांहून अधिक भारतीय रुग्णांची 2008 मध्ये प्रसिद्ध झालेली नोंद सांगते, की तीव्र झटक्याचा रुग्ण रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक काळ सहा तासांचा होता. स्नायू वाचविण्याची खरी संधी पहिल्या एकदोन तासांत असते. ज्या घरात बाईला दवाखान्यात नेण्यासाठी आधी कोणी मोकळे व्हावे लागते, पैसे कोणाकडून तरी मागून घ्यावे लागतात, आणि ती स्वतःच 'स्वयंपाक उरकून जाऊ' म्हणते, तेथे हा काळ कसा वाढतो हे आपणांस सांगावयास नको.

मी आता स्त्री-रुग्णाला 'छातीत दुखते का?' एवढेच विचारीत नाही. पुष्कळजणी 'नाही' म्हणतात, कारण त्यांच्या मते ते दुखणे नसते. छातीत काही वेगळे वाटते का, जड, आवळल्यासारखे, जळजळल्यासारखे, असे मी विचारतो आणि सोबतच्या माणसाला उत्तर देऊ देत नाही. मग ईसीजी काढतो, आणि तो निर्दोष आला तरी थोड्या वेळाने पुन्हा काढतो. 1986 मधील त्या बाईंना मी असे विचारले असते तर त्या काय म्हणाल्या असत्या हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी, पलंगावर निजविल्यावर, त्यांनी ते आपण होऊन सांगितले : काल संध्याकाळपासून छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखे वाटत होते.