चांदीचा मुलामा आणि चांदीची जडण

मद्यपात्रांचा संग्रह करणारा गृहस्थ मद्यप्रेमी असतोच असे नाही. पुष्कळदा त्याच्या कपाटातील चषकाला मद्याचा स्पर्शही झालेला नसतो. पात्राचा आकार, चांदीची झळाळी आणि अशी वस्तू फार थोड्यांपाशी असल्याचे समाधान, यांसाठी तो पैसे मोजतो. पाश्चात्त्य व्यापाऱ्यांनी ही आवड नेमकी हेरली. अमेरिकेतील नेपियर कंपनीने १९३६ साली पेंग्विन पक्ष्याच्या आकाराचे, चांदीचा मुलामा दिलेले मद्यमिश्रणाचे पात्र काढले; आज संग्राहक ते मोठ्या हौसेने शोधतात. व्यंगचित्रांतील लाडकी पात्रेही अशा भांड्यांवर अवतरली. ‘एवढेच नग निघतील’ असे जाहीर करून त्यांचे मोल वाढविण्याची रीत पडली.

या मुलाम्याचे शास्त्र फार जुने नाही. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० साली त्याचे पेटंट घेतले. विजेच्या प्रवाहाने द्रावणातील चांदी हलक्या धातूच्या भांड्यावर पातळ थराने बसते. मध्यमवर्गाच्या मेजावर चांदीची शोभा आली ती यामुळे. परंतु हा थर घासता घासता झिजतो आणि आतील धातू डोकावू लागतो. म्हणून अशी वस्तू वापरण्यापेक्षा जपण्याकडेच कल होतो.

चांदी आणि हलका धातू यांचा संयोग घडविण्याची एक निराळी वाट दक्षिणेत त्याआधीच सापडली होती. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरी कामाच्या सुरया, हुक्क्यांची पात्रे व पानदाने मांडलेली आहेत. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान १९४९ साली निवर्तले. त्यांच्या अफाट संग्रहाचे हे संग्रहालय १९५१ साली दिवाण देवडीत उघडले आणि १९६८ साली मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले.

बिदरी वस्तू जस्त आणि अल्प प्रमाणात तांबे यांच्या मिश्रधातूची असते. मातीच्या साच्यात ती ओततात. मोरचुदाच्या पाण्याने तिला तात्पुरती काळी करतात, म्हणजे तीवर कोरलेली रेघ स्पष्ट दिसते. मग कारागीर छिन्नीने वेलबुट्टी खोदतो आणि त्या खोबणीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितो. घासून गुळगुळीत केलेल्या वस्तूला शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचा लेप देतात. जस्ताचा देह कायमचा काळा होतो. चांदी मात्र शुभ्रच राहते. तेलाचा हात फिरविला की तो काळा रंग अधिकच खुलतो.

येथे चांदी वस्तूवर पांघरलेली नसते, ती तिच्या अंगात रुतलेली असते. शिवाय ओतीव काढताना साचा मोडावा लागतो. त्यामुळे प्रत्येक नग एकुलता एकच ठरतो. त्यावर मर्यादित संख्येचा शिक्का मारण्याची गरज नाही. माणसाच्या हातानेच ती मर्यादा घातलेली असते.

तथापि या कलेसमोरचा प्रश्न बिकट आहे. हुक्का गेला, सुरई गेली, दरबारी आश्रयदाते गेले. चांदी महागली, तसा जडविण्याचा पत्रा पातळ होत गेला. बिदर व हैदराबाद येथील कारागिरांना आता फुलदाण्या, डब्या आणि भेटवस्तूंवर गुजराण करावी लागते. २००६ साली बिदरी कामाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री लाभली. हा गौरव यथोचितच होय. पण सन्मानपत्राने भट्टी पेटत नाही; ती गिऱ्हाइकाने पेटते.

उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. मराठी माणसाला ही कला परकी नाही. त्याने दुकानात एखादी डबी हाती घेताना एवढेच पाहावे, की काळ्या अंगावरची ती रेघ नुसती वर रंगविलेली आहे की खरोखर खोदून चांदीने भरलेली आहे. हा फरक ओळखून योग्य दाम देणारे डोळे वाढले, तर कारागिराचा मुलगाही छिन्नी हाती धरील. ते डोळे मिटले, तर बिदरीचा प्रत्येक नग दुर्मिळ होईल. परंतु त्या दुर्मिळतेत भूषण मानण्यासारखे काही उरणार नाही.