गाडी झाकून ठेवण्याआधी

मे महिना सरत आला की आमच्या कोकणात खाडीकाठी एक काम सुरू होतं. होड्या पाण्याबाहेर ओढायच्या, धुवायच्या, वाळवायच्या आणि शाकारून ठेवायच्या. हल्ली झापांच्या जागी ताडपत्री आली, पण क्रम तोच आहे. त्याच दिवसांत गावात आणखी एक झाकाझाक चालते, ती मोटारींची. दुबई, कुवेत, मस्कतला नोकरीला असलेली माणसं सुट्टीवर येतात, महिनाभर गाडी फिरवतात आणि जाताना पडवीत लावून वर प्लॅस्टिक टाकतात. होडीसाठी पाळलेला क्रम गाडीसाठी मात्र कुणाला आठवत नाही. त्याविषयीच आज थोडं बोलायचं आहे.

उभी गाडी झिजत नाही, असा आपला समज असतो. कॅनडासारख्या बर्फाच्या देशात हिवाळ्यासाठी गाडी बंद ठेवणारे लोक याउलट मानतात. रस्त्यावरच्या मिठाने पत्रा गंजू नये म्हणून ते गाडी खालून धुतात, रेडिएटरमधलं पाणी गोठून फुगू नये म्हणून कूलंट तपासतात आणि मगच शेडचं दार ओढून घेतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण चार महिन्यांची ओल आहे, उंदीर आहेत.

सुरुवात धुण्यापासून करावी. चाकांच्या वरच्या पोकळीतला चिखल काढावा, कारण तो ओल धरून ठेवतो आणि तिथूनच पत्रा सडतो. आतली बिस्किटांची चुरी, शेंगांची टरफलं झाडून काढावीत. उंदराला तेच आमंत्रण असतं. मग दारं उघडी ठेवून दोन दिवस कडक ऊन द्यावं. ओल्या पायपुसण्यांसकट बंद केलेली गाडी गणपतीत उघडली, तर सीटवर बुरशीची पांढरी साय दिसते. वरून प्लॅस्टिक नको. त्याखाली वाफ कोंडते. हवा खेळेल असं कापडी आच्छादन बरं, आणि वर पक्कं छप्पर हवं.

इंजिनाचं ऑइल परत आल्यावर बदलू, असं आपण म्हणतो. ते जाण्याआधी बदलावं. वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, ओलावा आणि आम्ल साठलेलं असतं. ते आतल्या धातूवर महिनोन्‌महिने बसून राहतं. पेट्रोलची टाकी भरलेली ठेवावी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. टाकीत रिकामी जागा जितकी कमी, तितकी आत ओली हवा कमी.

टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरावी, नाहीतर गाडीच्या वजनाने टायर एकाच जागी चेपतो. हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओल्या हवेत ब्रेकचे लायनर ड्रमला गंजाने चिकटतात आणि चाक जाम होतं. गाडी सपाटीवर गिअरमध्ये लावून चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे द्यावेत. बॅटरीच्या काळ्या वायरीचं टोक सोडवून ठेवावं. गाडी बंद असली तरी घड्याळ आणि अलार्म थोडी थोडी वीज घेतच असतात. सायलेन्सरच्या तोंडाला आणि हवा आत घेणाऱ्या नळीला बारीक जाळी लावावी. उंदीर घरटं करतात ते तिथेच. आणि काय सोडवलं, काय बांधलं, हे एका कागदावर लिहून तो स्टिअरिंगला अडकवावा. वर्षानंतर कुणालाच आठवत नाही.

आता त्या भाच्याविषयी. प्रत्येक घरी एक भाचा किंवा पुतण्या असतो. दर जुम्म्याला येऊन तो पाच मिनिटं इंजिन सुरू करतो आणि बंद करतो. त्याच्या मनात माया असते, पण गाडीला त्याचा तोटाच होतो. इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचून राहतं, आणि सुरू करताना बॅटरीतून गेलेली वीज पाच मिनिटांत भरून येत नाही. एकतर वायर सोडवून गाडीला हात लावू नये, नाहीतर पंधरा दिवसांतून एकदा तिला दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावं.

मला विचाराल तर, जिथे गाडी चालवणारं विश्वासू माणूस आहे, तिथे दुसराच मार्ग घ्यावा. घरात आईवडील म्हातारे असतात. आषाढातल्या रात्री वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, रिक्षावाला फोन उचलत नाही, आणि पडवीत लाखोंची गाडी कुलूपबंद, तिची चावी परदेशातल्या कपाटात. असं आमच्याकडे घडतं. ओरखडा पडेल ही भीती मी समजू शकतो. ओरखडा दुरुस्त होतो.

म्हणून विमानाची बॅग भरताना विम्याच्या आणि पीयूसीच्या तारखा पाहा, आणि चावी त्याच भाच्याच्या हातात द्या. त्याचा लायसन्स मात्र आधी तपासा, आणि त्याचा नंबर आईच्या फोनजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)